गंगाळ आणि रुमाल

शास्त्रपाठ : योहान १३:१-१७, लूक २२:७-२७



आमच्या आजीच्या न्हाणीघरात तांब्याचे एक मोठे गंगाळ होते. दोन्ही बाजूंना जाड कड्या, आणि पाण्याने भरले की दोघांनी धरल्याशिवाय जागचे हलत नसे. शब्बाथशाळेत योहानाच्या तेराव्या अध्यायाचा धडा झाला त्या दिवशी बाईंनी 'गंगाळ' हा शब्द उच्चारताच आमच्या डोळ्यांपुढे तेच उभे राहिले. एवढे जड भांडे घेऊन प्रभू एकटा बारा जणांपुढे कसा फिरला असेल, असे आम्ही विचारले. वर्गात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, भांडे केवढे होते हे शास्त्रात सांगितलेले नाही. पण ते उचलायला बारांपैकी एकही जण उठला नाही, एवढे मात्र त्यातून दिसते. तेव्हा त्या उत्तराचे विशेष काही वाटले नाही. आज इतकी वर्षे उपदेशाची सेवा केल्यावर असे वाटते की त्या अध्यायावर आम्ही स्वतः जे जे बोललो ते सगळे बाईंच्या त्या एका वाक्याच्या मागे मागेच गेले.

त्या काळी पायांत उघड्या वहाणा आणि रस्ते धुळीचे. घरी पाहुणा आला की प्रथम पायांना पाणी. अब्राहामाने मम्रेच्या राईत आलेल्या तिघांसाठी पहिली सोय केली ती पाण्याची. शिमोन परूश्याने ती केली नाही, आणि प्रभूने त्याच्याच पंक्तीला बसून त्याला ती उणीव दाखवून दिली. श्रीमंत घरी दास पाय धूत. पण यहुदी गुरूंच्या परंपरेत हिब्रू दासाकडून हे काम घेऊ नये असे सांगितलेले आढळते, इतके ते हलके समजले जाई. दाविदाचे बोलावणे आले तेव्हा अबीगईल म्हणाली की आपण त्याच्या चाकरांचे पाय धुणारी दासी होऊ. याहून खाली जाणारा शब्द तिला सापडला नसावा.

आपल्या देशात पाय धुणे अपरिचित नाही. उलट ते इतके परिचित आहे की या अध्यायाचा धक्का आपल्याला बसतच नाही. आपल्याकडे पाहुण्यापुढे तांब्या ठेवतात आणि तो आपले पाय आपण धुतो. जेथे दुसऱ्याने पाय धुण्याची रीत आहे तेथे शिष्य गुरूचे धुतो, लग्नात सासरा जावयाचे धुतो. म्हणजे हात खालचे आणि पाय वरचे. माडीवरच्या त्या खोलीत दिशाच उलटी झाली. गुरू खाली बसला आणि शिष्य वर राहिले. पेत्र दचकला तो उगाच नाही. आपण दचकत नाही, याचे कारण आपण त्याच्याहून आत्मिक आहोत हे नसून गोष्ट फार वेळा ऐकून आपले कान निबर झाले आहेत, हे आहे.

आता एक बारीक गोष्ट पाहा. पाय धुणे हे दारातले काम, जेवायला बसण्यापूर्वीचे. योहान लिहितो की प्रभू भोजनावरून उठला. म्हणजे सगळे तसेच धुळीच्या पायांनी येऊन बसले होते. पाणी नव्हते काय? लूक सांगतो की ते घर शोधायची खूणच मुळी पाण्याचे भांडे घेऊन जाणारा मनुष्य ही होती, आणि त्याच्या मागे जाऊन सर्व तयारी करायला ज्या दोघांना धाडले ते पेत्र आणि योहान. त्यांनी ती माडी पाहिली होती, भोजन तयार केले होते. पाणी कोठे आहे, गंगाळ कोठे आहे, रुमाल कोठे टांगला आहे, हे त्या दोघांना तरी ठाऊक असलेच पाहिजे. शास्त्र असे स्पष्ट म्हणत नाही. हा आमचा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण त्याच रात्री त्यांच्यात मोठा कोण यावरून वाद झाला हे तर लूकाने लिहूनच ठेवले आहे. ज्याच्या मनात तो वाद चालू आहे त्याने गंगाळ उचलावे कसे? उचलले तर वाद हरला! म्हणून तेराही जणांचे पाय तसेच राहिले.

मग प्रभू उठला. त्याच्या उठण्याआधी योहानाने जे लिहिले आहे त्याकडे आपले लक्ष कमी जाते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते, आणि हे ठाऊक असूनच तो उठला. नम्रता म्हणजे स्वतःला कवडीमोल समजणे, अशी आपल्या मंडळ्यांत एक समजूत आहे. प्रार्थनेत आपण स्वतःस धूळ व राख म्हणवतो, आणि उपासना संपल्यावर पहिल्या बाकावर आपल्या जागी दुसरे कोणी बसले होते म्हणून आठवडाभर बोलत नाही. ही धूळ बरीच मानी असते! प्रभूचे तसे नव्हते. आपण कोण हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून रुमाल कमरेला बांधल्याने त्याचे काही जाणार नव्हते. शिष्यांना मात्र आपण कोण याची खात्री नव्हती, म्हणून प्रत्येक जण आपली जागा दोन्ही हातांनी धरून बसला होता. ज्याचे दोन्ही हात आपली जागा धरण्यात गुंतले आहेत त्याला गंगाळ कशाने उचलता येईल? आपण देवाची लेकरे आहोत हे ज्याच्या अंतःकरणात मुरले त्याचेच हात रिकामे होतात.

मूळ ग्रीक वचनांत आणखी एक गोष्ट आहे. प्रभूने आपली वस्त्रे काढून ठेवली आणि नंतर पुन्हा घेतली, असे जेथे म्हटले आहे तेथे योहानाने जी क्रियापदे वापरली, तीच त्याने दहाव्या अध्यायात मेंढपाळाच्या संदर्भात वापरली आहेत. तेथे प्रभू आपला प्राण देण्याविषयी व परत घेण्याविषयी बोलतो. तेव्हा हा नुसता चांगल्या वर्तणुकीचा धडा नव्हे. वधस्तंभावर दुसऱ्या दिवशी जे होणार होते त्याचीच ही आदल्या रात्रीची, घरगुती भांड्यांतली खूण होती. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू दासाचे रूप घेऊन खाली खाली उतरत जातो, त्या उतरणीची एक पायरी या माडीवर आहे.

आणि त्या बारा जोड्या पायांत एक जोडी यहूदा इस्कर्योताची होती. तो अजून बाहेर गेलेला नव्हता. त्याच्या मनात काय आहे हे प्रभूला ठाऊक होते, तरी त्याच्यापुढे गंगाळ आले. ते पाय थोड्या वेळाने कोणत्या वाटेने जाणार हे जाणून त्याने ते धुतले आणि पुसले. सेवा कोणाची करावी, पात्र कोण आणि अपात्र कोण, मदत दिली तर तो दारूत घालवील काय, अशी चर्चा आपल्या पंचकमिटीत निघते तेव्हा ती अगदीच अस्थानी असते असे आम्ही म्हणत नाही; पैसा देवाचा आहे, जपून खर्च करावा. पण कधी कधी या चौकशा चालू असतानाच माणूस मरून जातो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, पुढे येईल.

उदारपणाविषयीही दोन शब्द. आपल्या मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सणाला वस्तूंचा लिलाव होतो. त्याची मजा सर्वांना ठाऊक आहे. कोंबडी ओरडत असते, मुले हसत असतात, आणि एका साध्या भोपळ्यावरून दोन वडीलधाऱ्यांत अशी चढाओढ लागते की भोपळा हजारावर जातो. मंडळीच्या पेटीला ते बरेच आहे, आम्ही त्याला नाव ठेवणार नाही. पण त्याच सकाळी भोपळा आणणारी म्हातारी कोण होती हे आम्हास कोणी सांगू शकले नाही. बोली लावणाऱ्याचे नाव वहीत होते. पौलाने करिंथकरांपुढे मासेदोनियाच्या मंडळ्यांचा दाखला ठेवला तो त्यांच्या श्रीमंतीचा नव्हे. त्या फार गरीब होत्या, आणि देण्यात आपल्याला भाग मिळावा म्हणून त्यांनीच विनंती केली होती. देण्यासाठी विनवण्या करणारी मंडळी! आपल्याकडे खजिनदाराला विनवण्या कराव्या लागतात.

मराठी ख्रिस्ती जनांपुढे या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांना ठाऊक आहे, म्हणून सगळे सांगत बसत नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इतकी विद्या असलेल्या स्त्रीला पुढे आयुष्यभर व्याख्यानपीठावर मानाने बसता आले असते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, जटा झालेल्या मुली व स्त्रिया शेकड्यांनी घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्याही आणल्या. आमच्या बडोदे व मध्य भारतातील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, की केडगावचे मुक्तिसदन केवळ पुणेकरांचे नव्हते. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईबाप गमावले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

पण आम्हास त्यांच्या सेवेत सर्वांत नम्र वाटते ते त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होती त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षे खपून शास्त्र मराठीत आणले, आणि ते कोणासाठी? पंडितांसाठी नव्हे, तर नुकत्याच अक्षरे शिकलेल्या साध्या बायकांसाठी. म्हणून भारी शब्द त्यांनी हेतुपूर्वक टाळले. ज्याला भारी शब्द येतच नाहीत त्याने साधे लिहिण्यात काय मोठे? ज्याच्यापाशी ते भरपूर आहेत त्याने ते काढून बाजूला ठेवणे, हे वस्त्रे काढून ठेवण्यासारखेच आहे. त्या शास्त्राचे खिळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळवले, छपाईही त्यांनीच केली. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा प्रभूकडे गेली, तरी काम थांबले नाही. आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. आम्हा उपदेशकांना, आणि ज्यांनी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे त्यांना तर विशेषच, हा दाखला बोचतो. शिकलेला प्रत्येक शब्द रविवारी व्यासपीठावरून वाजवून दाखवण्याची आम्हास कोण हौस!

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. हा धडा घेताना नाट्यप्रवेश करण्याची पद्धत आहे. बहुधा उंच, हुशार, पाळकांचा किंवा पंचांचा मुलगा येशू होतो, आणि पाय धुतले जातात ते गरीब मुलांचे. मुले घरी जाताना काय शिकून जातात? हेच की मोठ्यांनी लहानांवर कृपा करायची असते. त्यापेक्षा शिक्षकानेच खाली बसावे, नाटक न करता. वर्गात कोणाच्या चपलेचा पट्टा तुटला असेल तर तेवढा टाचून द्यावा. मुले ते विसरत नाहीत. काही मंडळ्यांत पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो, तेथेही आम्ही पाहिले आहे की निवडलेली बारा माणसे घरून साबणाने पाय घासूनच येतात. त्यांचे काही चुकते असे नाही, संकोच असतो. पण धुतलेलेच पाय पुन्हा धुण्यात मग उरते काय?

आता आम्ही जे लिहिणार आहोत ते लिहावे की नाही यावर बरेच दिवस विचार केला. पण दुसऱ्यांचे पाय पाहून आपले झाकणे बरे नव्हे.

आमच्या मंदिराला एक शिपाईकाका होते. घंटा वाजवणे, सतरंज्या घालणे, गीतांचे आकडे फळीवर लावणे, पाण्याचा माठ भरणे, हे सारे ते तीसएक वर्षे करीत होते. एका हिवाळ्यात त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारे गेले. पंचकमिटीपुढे प्रश्न आला की पगार किती महिने चालू ठेवावा. दोन सभा झाल्या. शेवटी वर्गणी काढली आणि त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव करावा असे ठरले. ठरावाचा मसुदा आम्ही केला. तो चांगला उतरला होता, सर्वांनी तसे म्हटलेही. पाकीट आणि ठराव घेऊन आम्हीच त्यांच्या घरी गेलो.

काकू चार घरची कामे करीत, त्या वेळी त्या बाहेर होत्या. खोलीत वास होता. काका खाटेवर निजलेले, आणि गोधडीच्या बाहेर त्यांचे पाय आलेले. ते पाय आम्हास अजून दिसतात: भेगा पडलेले, मळलेले, टाचेला चिकटून वाळलेले काहीतरी. कोपऱ्यात पाण्याची बादली होती, तिच्यावर तांब्या पालथा होता, खुंटीला पंचा होता. सगळे होते. आम्ही उभ्यानेच ठराव वाचून दाखवला. त्यांना बोलता येत नव्हते, डोळ्यांत पाणी आले. आम्ही पाकीट उशीखाली ठेवले, लहानशी प्रार्थना केली आणि निघालो. बाहेर येऊन मोकळा श्वास घेतला. सांगायची गोष्ट ही की त्याच महिन्यात आम्ही योहानाच्या तेराव्या अध्यायावर उपदेश केला होता.

पंधरा दिवसांनी काका वारले. पगाराचा प्रश्न मग निघाला नाही.

काही वर्षांनी पावसाळ्यात आम्ही मंदिराच्याच पायरीवरून घसरलो आणि डावा घोटा मोडला. मंडळी तेव्हा आईच्या दुखण्यासाठी इंदूरला गेली होती. चौथ्या दिवशी सकाळी शिपाईकाकू दारात उभ्या. न विचारता चुलीकडे गेल्या, पाणी तापवले, बादली घेऊन खाली बसल्या आणि आमच्या उजव्या पायाला हात घातला. आम्ही पाय ओढून घेतला. नको, काकू, असे करू नका, असे आम्ही दोन-तीनदा म्हणालो. पेत्राचे बोलणे आमच्या तोंडी आले आहे हे तेव्हा ध्यानात आले नाही.

"गप बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "पाय द्यायचा नव्हता तर मी पाणी कशाला तापवलं?"

आम्ही पाय दिला. त्यांनी तो धुतला, बोटांच्या मधून धुतला, पंच्याने कोरडा केला. त्यांना त्या दिवसाचे काही ठाऊक होते की नाही, कळायला मार्ग नाही. आमच्याने राहवले नाही. काकांचे पाय आम्ही तसेच सोडून आलो होतो, बादली जवळ असताना, असे आम्ही सांगून टाकले आणि क्षमा मागितली. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं कागद ठेवलाय तो तुमचा. चांगला लिवलाय." आणि बादली उचलून मोरीकडे गेल्या.

पेत्राला देणे जमले असते, घेणे जमेना. धुऊन घेतले नाहीस तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, या अर्थाचे जे प्रभू त्याला म्हणाला ते आम्ही व्यासपीठावरून कितीदा समजावून सांगितले होते! आमच्या वर्गातले आम्ही बहुतेक जण सेवा करायला तयार असतो, कारण सेवा करताना आपण उभे असतो. ज्यांना आपण आजवर पाकिटे दिली त्यांच्या हातून पाय धुऊन घेणे हे त्याहून अवघड आहे. तेथे पदविका, पंचपद, ठराव, काही उपयोगी पडत नाही. काका-काकूंना आम्ही 'मदतीस पात्र' या यादीत घातले होते, आणि देवाने त्यांना आम्हाकडे धाडले होते ते वेगळ्याच कामासाठी.

आम्ही ही गोष्ट पुढच्या सभेत पंचांना सांगितली. बरीच शांतता झाली. मग एका पंचांनी सुचवले की नाताळाच्या प्रीतिभोजनानंतरची भांडी दरवर्षी महिला मंडळाच्या चार-पाच बायका आणि शिपाईकाकूच घासतात. या खेपेला ती पंचांनी घासावीत. ठराव मात्र लिहायचा नाही, अशी त्यांनी अट घातली.

नाताळाला आम्ही सहा जण विजारी दुमडून मंदिरामागच्या नळावर बसलो. ताटे-वाट्या जमल्या. भाताच्या मोठ्या पातेल्याचा तळ मात्र काही केल्या निघेना. दोन सेवानिवृत्त अधिकारी, एक मुख्याध्यापक आणि आम्ही, आळीपाळीने काथ्याने घासत होतो, आणि बायका खिडकीतून पाहून तोंडाला पदर लावीत होत्या. शेवटी काकू आल्या. आमच्या हातातून काथ्या काढून घेतला, पातेल्यात दोन तांबे गरम पाणी ओतले आणि ते तसेच बाजूला सारले.

"आधी भिजत ठेवायचं असतं," त्या म्हणाल्या. "तोवर तुमी जेवून घ्या. कोणी जेवलेलं दिसत नाही."